सेटनंतर किती थांबायचं? नऊ आठवड्यांच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून ही वेगळी वही. कोणता व्यायाम, किती किलो, किती रेप्स (म्हणजे तो किती वेळा केला) हा हिशेब मी गेली चार वर्षं न चुकता लिहिते आहे. दोन सेटच्या, म्हणजे सलग केलेल्या रेप्सच्या दोन गटांच्या, मध्ये किती थांबले, हे मात्र एकदाही लिहिलेलं नाही. कुणी विचारलं की बेधडक सांगायचे, "एक मिनिट."

आज स्टॉपवॉच भाच्याकडे दिलं आणि सांगितलं, मला आकडे दाखवू नकोस, नुसते टिपत जा. स्क्वॉटच्या (खांद्यावर बार घेऊन उठाबशा) तीन विश्रांती अशा निघाल्या: ५५ सेकंद, १ मिनिट ५० सेकंद, २ मिनिटं ४० सेकंद. बेंच प्रेसच्या (बाकावर उताणं पडून बार वर ढकलणं): ४८ सेकंद, १ मिनिट १० सेकंद आणि शेवटची ३ मिनिटं ५ सेकंद, कारण मध्येच कुणीतरी बोलायला आलं होतं. म्हणजे माझं 'एक मिनिट' पाऊण मिनिटापासून तीन मिनिटांपर्यंत कुठेही असतं. आणि त्यातून आलेले रेप्सचे आकडे मी चार वर्षं प्रगती किंवा पीछेहाट म्हणून वाचत आले. ऑक्टोबरात बेंचवर दोन रेप्स कमी झाले म्हणून आठवडाभर हिरमुसले होते. त्या दिवशी मी कदाचित नुसती कमी थांबले असेन.

प्रकल्पाचा प्रश्न: माझ्या शरीराला, माझ्या वजनांना, कोणत्या व्यायामात किती विश्रांती लागते? मोजून शोधायचं.

८ जानेवारी, बुधवार

आराखडा ठरला. चार व्यायाम: स्क्वॉट ५० किलो, बेंच प्रेस ३० किलो, बायसेप्स कर्ल (कोपरातून हात वाकवून वजन उचलणं) प्रत्येक हातात ७.५ किलो, लॅटरल रेझ (हात बाजूंनी खांद्यापर्यंत उचलणं) प्रत्येक हातात ४ किलो. प्रत्येकाचे चार सेट, वजन शेवटपर्यंत तेच. पहिल्या सेटचे रेप्स ठरलेले: स्क्वॉट आणि बेंचला १०, कर्लला १२, लॅटरल रेझला १४. पुढच्या सेटमध्ये जमतील तेवढे, पण फॉर्म, म्हणजे शरीराची योग्य ठेवण, बिघडेल असं वाटलं की त्याच्या एक रेप आधी थांबायचं. मोठ्या दोन व्यायामांना विश्रांतीच्या चार चाचण्या, १, २, ३ आणि ५ मिनिटांच्या. छोट्या दोघांना १ आणि २ पुरेत. बार रॅकवर टेकला की घड्याळ सुरू, हात पुन्हा बारवर गेला की बंद.

क्रम चिठ्ठ्या टाकून काढला: ३, १, ५, २. पहिला महिना एक मिनिट आणि दुसरा महिना तीन मिनिटं असं केलं असतं तर सोपं होतं, पण महिन्याभरात मी तशीही थोडी ताकदवान होणार आणि त्याचं श्रेय विश्रांतीला जाणार. म्हणून सगळ्या चाचण्या दोन-अडीच आठवड्यांत, उलटसुलट क्रमाने. स्क्वॉट सोमवारी आणि गुरुवारी, बाकीचे मंगळवारी आणि शुक्रवारी.

९ जानेवारी, गुरुवार

स्क्वॉट, ३ मिनिटं: १०, ९, ८, ८. एकूण ३५.

तीन मिनिटं किती लांब असतात! दुसऱ्या मिनिटालाच पाय शिवशिवायला लागले. भाचा एकोणीस वर्षांचा, त्याला रिकामं उभं राहणं सहन होत नाही. म्हणाला, "मावशी, तू व्यायामापेक्षा बसूनच जास्त असतेस." खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटत होतं. शेवटचा सेट मात्र स्वच्छ गेला, आठही रेप्स पहिल्या सेटसारखे खोल.

१० जानेवारी, शुक्रवार

बेंच, ३ मिनिटं: १०, ८, ७, ७. एकूण ३२.

१३ जानेवारी, सोमवार

स्क्वॉट, १ मिनिट: १०, ७, ५, ४. एकूण २६.

चौथ्या सेटला पाचवा रेप घ्यायला गेले. नियमाने तो घ्यायचा नव्हता. आधीच्याच रेपला गुडघे आत येत होते आणि छाती पुढे झुकत होती. अर्ध्यावर अडकले आणि बार सेफ्टी बारवर (अडकलेला बार झेलणाऱ्या बाजूच्या दांड्यांवर) ठेवून खाली बसले. दुखापत काही नाही. सेफ्टी बार योग्य उंचीवर लावलेले होते, म्हणून ही नोंद इतकी शांतपणे लिहिता येते आहे. पाचवा रेप मोजलेला नाही.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढची आहे. आजचा व्यायाम गुरुवारपेक्षा कितीतरी 'जोरदार' वाटला. घामाने निथळत होते, धाप लागली होती, पाय थरथरत होते. वहीत आकडे नसते तर मी शपथेवर सांगितलं असतं की आज जास्त काम झालं. गुरुवारी ५० × ३५, म्हणजे १,७५० किलो उचलले. आज ५० × २६, म्हणजे १,३००. साडेचारशे किलो कमी, आणि मन सांगत होतं की जास्त.

१४ जानेवारी, मंगळवार

बेंच, १ मिनिट: १०, ६, ४, ३. एकूण २३. घसरण स्क्वॉटपेक्षाही तीव्र.
कर्ल, १ मिनिट: १२, १०, ८, ८. एकूण ३८.
लॅटरल रेझ, १ मिनिट: १४, १२, ११, १०. एकूण ४७.

छोटे व्यायाम एका मिनिटातही बऱ्यापैकी तग धरतात.

१६ जानेवारी, गुरुवार

रात्री जेमतेम चार तास झोप. आज ५ मिनिटांची स्क्वॉट चाचणी होती. वॉर्म-अपचे ४० किलोच जड लागले, तेव्हाच चाचणी पुढे ढकलली. हा निर्णय सेट सुरू होण्याआधी घेतला, हे मुद्दाम लिहून ठेवते. आकडे बघून मग दिवस बाद करायला लागले तर सगळ्या प्रयोगाला अर्थ राहणार नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

बेंच, ५ मिनिटं: १०, ९, ८, ७. एकूण ३४.

२० जानेवारी, सोमवार

स्क्वॉट, ५ मिनिटं: १०, ९, ९, ८. एकूण ३६. तीन मिनिटांपेक्षा फक्त एक रेप जास्त, आणि त्यासाठी सहा मिनिटं अधिक दिली. शिवाय पाच मिनिटांत अंग थंड पडायला लागतं. तिसऱ्या सेटचा पहिला रेप अडखळत गेला, मग लय सापडली.

२१ जानेवारी, मंगळवार

बेंच, २ मिनिटं: १०, ८, ६, ५. एकूण २९.
कर्ल, २ मिनिटं: १२, ११, १०, ९. एकूण ४२.
लॅटरल रेझ, २ मिनिटं: १४, १३, १२, ११. एकूण ५०.

२३ जानेवारी, गुरुवार

स्क्वॉट, २ मिनिटं: १०, ८, ७, ७. एकूण ३२. चाचण्या संपल्या. एकत्र मांडते:

स्क्वॉट: १ मिनिट २६, २ मिनिटं ३२, ३ मिनिटं ३५, ५ मिनिटं ३६.
बेंच: १ मिनिट २३, २ मिनिटं २९, ३ मिनिटं ३२, ५ मिनिटं ३४.

दोन्हीकडे चढण सारखीच. पहिल्यावरून दुसऱ्या मिनिटाला गेलं की सहा रेप्स मिळतात, दुसऱ्यावरून तिसऱ्याला तीन, आणि त्यानंतरची दोन मिनिटं मिळून एक किंवा दोन. म्हणजे सगळ्यात मोलाचं मिनिट दुसरं, आणि मी नेमकं तेच चार वर्षं कापत होते.

एका माणसाचा, एकेका चाचणीचा हा हिशेब आहे. एखादा आकडा चुकून वरखाली झाला असेल. पण चढणीचा आकार दोन वेगळ्या व्यायामांत इतका जुळतो, तेव्हा तो निव्वळ योगायोग वाटत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

हा आकार येतो कुठून, ते दोन दिवस वाचत बसले. माझ्या समजुतीसाठी माझ्या शब्दांत.

स्नायू आकसतो तो एटीपीच्या, म्हणजे पेशीतल्या तयार इंधनाच्या, जोरावर. पण तयार एटीपीचा साठा जोराच्या कामाला काही सेकंदच पुरतो. तो लगोलग भरून देतो फॉस्फोक्रिएटिन. हा पदार्थ १९२७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे उजेडात आणला, इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्याने आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्क व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. सुब्बारावांचं नाव इथे भेटेल असं वाटलं नव्हतं, फार बरं वाटलं.

जड सेटमध्ये हा फॉस्फोक्रिएटिन झपाट्याने खर्च होतो. सेट संपला की पुन्हा भरू लागतो, पण एकाच वेगाने नाही. सुरुवातीला भराभर, अर्ध्या मिनिटाच्या आसपास निम्मा, आणि मग हळूहळू. जवळपास पूर्ण व्हायला तीन ते पाच मिनिटं. माझ्या वहीतली चढण हीच: आधी उभी, मग सपाट. रेप्स ठरवणारी ती एकच गोष्ट नाही, पण दोन्ही रेषा शेजारी ठेवल्यावर मी बराच वेळ बघत राहिले.

याहून मला भिडलेली गोष्ट म्हणजे हे भरणं ऑक्सिजनवर चालतं. व्यायामानंतर पट्टा आवळून पायाचा रक्तपुरवठा थांबवला तर फॉस्फोक्रिएटिन भरतच नाही. पट्टा सोडला की भरू लागतो. म्हणजे सेटनंतर मी धापा टाकत उभी असते तेव्हा शरीर रिकामं नसतं. रक्त वाहतं आहे, ऑक्सिजन पोचतो आहे, पुढच्या सेटची शिदोरी बांधली जाते आहे. भाच्याला हे सांगितलं: "मी बसलेली दिसते, पण माझे पाय कामावर आहेत." तो हसला, पण ऐकून घेतलं त्याने.

आणि त्या जळजळीबद्दल. लहानपणापासून ऐकलंय की लॅक्टिक ॲसिड साचतं म्हणून स्नायू थकतो. प्रत्यक्षात लॅक्टेट हे इंधन म्हणूनही वापरलं जातं, हृदयसुद्धा ते जाळतं. स्नायूचा जोर कमी होण्यामागे फॉस्फोक्रिएटिन फुटताना सुट्या होणाऱ्या फॉस्फेटचा मोठा हात मानतात. जळजळ खरी आहे, पण ती कामाचं माप नाही.

३० जानेवारी, गुरुवार

मग 'एक मिनिट' आलं कुठून? थोडी विश्रांती घेऊन मध्यम वजनाचे सेट केले की रक्तातलं ग्रोथ हार्मोन जास्त वाढतं, हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. त्यावरून सल्ला रुजला: ताकद हवी तर लांब विश्रांती, स्नायू मोठा हवा तर छोटी. पुढे अडचण ही आली की व्यायामानंतरची ती तात्पुरती वाढ आणि महिन्यांनंतर दिसणारी स्नायूंची वाढ यांचं नातं दाखवता आलं नाही.

२०१६ साली ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २१ सरावलेल्या तरुणांवर ८ आठवड्यांचा प्रयोग केला. व्यायाम तेच, सेट तेवढेच. एका गटाला १ मिनिट विश्रांती, दुसऱ्याला ३. तीन मिनिटंवाल्यांची स्क्वॉट आणि बेंचमधली ताकद जास्त वाढली, मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडीही. त्याआधी २००५ मध्ये फिनलंडच्या अह्तियाइनेन यांच्या गटाने २ आणि ५ मिनिटांची तुलना केली होती, तीन-तीन महिने अदलाबदल करून. दोन्हींत फरक सापडला नाही. आणि २०२४ मध्ये नऊ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा स्नायूवाढीसाठी ६० सेकंदांहून जास्त विश्रांतीचा थोडा फायदा दिसला, ९० सेकंदांपुढे मात्र म्हणण्यासारखा फरक नाही.

म्हणजे फार मोठा चमत्कार कुठेच नाही. एक मिनिट जड व्यायामांना तोकडं पडतं, दोन-तीन मिनिटांनी बहुतेक काम भागतं, त्यापुढे लाभ घटत जातो. माझ्या वहीशी जुळतंच आहे. २०१६ आणि २००५ च्या प्रयोगांत सगळे पुरुष होते. मी एक्केचाळीस वर्षांची बाई. वही घालायला हवीच होती.

३ फेब्रुवारी, सोमवार

आता खरी अडचण: वेळ. माझ्याकडे सकाळची ५० मिनिटं असतात, त्यातली १० वॉर्म-अपला. स्क्वॉट, बेंच आणि बारबेल रो (कंबरेत वाकून बार पोटाकडे ओढणं) या तिन्हींना तीन-तीन मिनिटं दिली तर प्रत्येकी साधारण ११ मिनिटं लागतात. प्लेटा काढ-घाल धरली की चाळीस मिनिटं संपली. कर्ल, खांदे, पोट सगळं बाहेर.

लांब विश्रांती घ्या असं सांगणं सोपं. दिवस मात्र लांबत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पर्याय पहिला: विश्रांती एकच मिनिट, पण सेट वाढवायचे. स्क्वॉट ५० किलो, ३५ रेप्स भरेपर्यंत. १०, ७, ५, ४, ४, ३, २. सात सेट, मधली विश्रांती सहा मिनिटं. तीन मिनिटांच्या पद्धतीत हीच विश्रांती नऊ मिनिटं होते. तेवढंच काम कमी वेळात झालं, हे मान्य करायला हवं. ज्याला तेवढाच वेळ आहे आणि दमाची तयारीही हवी आहे, त्याने ही वाट खुशाल धरावी.

माझ्यासाठी ती नाही. शेवटचे तीन सेट मी नुसती उभी राहून मोजत होते, एकाही रेपवर मन नव्हतं. आणि नंतरच्या बेंचला हात लावायची इच्छाच उरली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

पर्याय दुसरा: नाडी बघून ठरवायचं. ठोके १०० च्या खाली आले की पुढचा सेट. स्क्वॉटनंतर साडेचार मिनिटं वाट बघत बसावं लागलं, आणि कर्लनंतर ठोके आधीच खाली, हात मात्र जड. हृदय शांत होणं आणि तो स्नायू तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी. सोडून दिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पर्याय तिसरा, आणि हा जमला. बेंच आणि रो आलटून पालटून. बेंच, दीड मिनिट, रो, दीड मिनिट, पुन्हा बेंच. ढकलण्याच्या कामात छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि ट्रायसेप्स. ओढण्यात पाठ आणि बायसेप्स. एक गट राबतो तेव्हा दुसरा सावरतो. बेंच ते बेंच अंतर साडेतीन मिनिटांचं पडतं.

बेंच: १०, ८, ७, ७. तीन मिनिटं नुसती थांबून आले होते तेच आकडे. रोचे चारही सेट ठरल्याप्रमाणे, ३० किलो, १० रेप्स. दोन्ही मिळून साडेचौदा मिनिटं. वेगवेगळे केले असते तर बावीस. आनंद झाला, अगदी मनापासून.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हीच युक्ती स्क्वॉट आणि रोला लावून बघितली. नाही जमत. दोन्हीत कंबर ताणलेली राहते आणि स्क्वॉटची धाप रोमध्ये शिरते. स्क्वॉट एकटाच ठेवायचा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भाच्याने स्वतःहून चाचणी मागितली. बेंच ६० किलो, तीन सेट, त्याचं लाडकं एक मिनिट: ८, ५, ३.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भाचा, बेंच ६० किलो, ३ मिनिटं: ८, ७, ६. सोळाचे एकवीस झाले. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण मावशी, हात भरल्यासारखे वाटलेच नाहीत."

त्याला मी खोडून काढलं नाही. ती भरल्याची भावना त्याला रोज इथे ओढून आणते, आणि रोज येणं ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. एवढंच सुचवलं की बेंचला तीन मिनिटं दे आणि शेवटी कर्ल, लॅटरल रेझला एक मिनिटाने हवे तेवढे हात भरून घे. तिथे नुकसान थोडं: माझ्या कर्लमध्ये एक आणि दोन मिनिटांतला फरक ३८ आणि ४२ एवढाच होता. हे त्याला पटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

विश्रांतीत काय करते, तेही टिपून ठेवते. फोन हातात घेतला की पाहता पाहता चार-पाच मिनिटं जातात, म्हणून तो बॅगेत. स्क्वॉटनंतर सावकाश फेऱ्या, बसत नाही. बसले की उठताना पाय आखडतात. पहिलं मिनिट नुसता श्वास. शेवटच्या अर्ध्या मिनिटात बारजवळ उभी राहून पावलांची जागा बघते. पाणी एक-दोन घोट.

३ मार्च, सोमवार

उलट परीक्षा. सहा जानेवारीसारखंच घड्याळ भाच्याकडे, मी अंदाजाने थांबायचं. स्क्वॉट: २:४५, ३:०५, ३:१०. बेंच आणि रोच्या मधलं अंतर: १:२० ते १:४०. कर्ल: १:१०, १:१५, १:१५. आता अंदाज आकड्यांच्या जवळ आला आहे, रोज घड्याळ लावायची गरज नाही. महिन्यातून एकदा तपासायचं.

१० मार्च, सोमवार

वहीच्या आतल्या पानावर पक्कं लिहिलं: स्क्वॉट ३ मिनिटं. बेंच-रो आलटून पालटून, दीड-दीड मिनिट. कर्ल आणि लॅटरल रेझ सव्वा मिनिट. वजन वाढवून तीन-चार रेप्सचे जड सेट करायचे असतील त्या दिवशी ४ ते ५ मिनिटं, आणि त्या दिवशी बाकीचे व्यायाम कमी.

आज स्क्वॉट ५५ किलो: १०, ८, ८, ७. विश्रांती प्रत्येक वेळी ३ मिनिटं. आता हा आकडा शेजारी लिहिलेला आहे, तेव्हा पुढच्या महिन्यात याच्याशी तुलना करता येईल.

डेडलिफ्टची (जमिनीवरून बार उचलून उभं राहणं) चाचणी बाकी आहे. ६५ किलो, पाच रेप्स, चिठ्ठ्या २, ३ आणि ५ मिनिटांच्या. गुरुवारपासून.